पान एकशे सहावरची कुस्ती

आमच्या मराठीच्या सरांसमोर "ही कादंबरी फार सुंदर आहे" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "पान नंबर?"

पहिल्याच वर्षी मी वर्गात उभा राहून "लेखकाने ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे" हे वाक्य ठणकावून सांगितलं होतं.

"पान नंबर?"

मी घाबरून गाईडातला पान नंबर सांगितला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "निदान खरं बोललात. बसा." आणि त्या दिवसापासून का कोण जाणे, त्यांचा माझ्यावर लोभ जडला. हा लोभ पुढं दोघांनाही महागात पडला, पण ते ओघानं येईलच.

घरीसुद्धा त्यांचं हेच चालायचं. "सकाळी कोथिंबीर आणा म्हणून सांगितलं होतं," असं बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या की सर चपला काढता काढता विचारायचे, "पान नंबर?" बाईंनी शेवटी भिंतीला एक वही टांगली आणि तिच्या पानांवर नंबर घातले. त्यानंतर मात्र कोथिंबीर वेळेवर येऊ लागली.

सरांचं म्हणणं साधं होतं. कादंबरी माणसांबद्दल असते, माणसं जमिनीवर चालतात आणि जमीन मोजता येते. म्हणून त्यांनी आपल्या छत्रीच्या दांडीवर चाकूनं इंचांच्या खुणा कोरल्या होत्या. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि ती छत्री घेऊन ते सांगलीच्या रस्त्यातून निघाले की मापं घेत चालल्यासारखेच दिसायचे. एकदा एका कादंबरीत "विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर होती" असं वाक्य आलं. हाकेचं अंतर म्हणजे नेमकं किती, यावर वर्गात एकमत होईना. सर आम्हांला घेऊन थेट कृष्णेच्या घाटावर गेले. स्वतः छत्रीनं अंतर मोजत दूर जाऊन उभे राहिले. जाताना मला म्हणाले होते, "मी रुमाल हलवला की हाक मारा. नैसर्गिक वाटेल अशी."

रुमाल हलला. नैसर्गिक हाक कुठली ते मला ऐनवेळी सुचेना. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "धावा! धावा!"

घाटावरच्या दोघांनी अंगातल्या कपड्यांसकट नदीत उड्या टाकल्या. बुडालेला माणूस सापडेना म्हणून ते पंधरा मिनिटं पाणी ढवळत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला शोधलं. सर मध्ये पडले म्हणून मी वाचलो. पण त्या गडबडीतही त्यांनी वहीत लिहून घेतलं : "हाक स्पष्ट ऐकू आली. परिणामही झाला."

अशा माणसानं बावीस वर्षं एकच कादंबरी शिकवली होती. अभ्यासक्रम बदलला की ते तिच्यासाठी विद्यापीठाशी भांडायचे, आणि भांडण हरले की जादा तास घेऊन शिकवायचे. लेखक आमच्याच भागातला, कराडच्या पुढं डोंगराकडं वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावचा. तरुणपणी पुण्याला गेला, तिथंच लिहीत राहिला, तिथंच वारला. कादंबरी मात्र अख्खी त्या गावाची. वेस, पिंपळ, ओढा, तालीम, जत्रा, सगळं त्यात. आणि चौदाव्या प्रकरणात जत्रेतली कुस्ती. पंचक्रोशीत ज्याला जोड नाही असा त्या गावचा पैलवान एका बैलजोडीच्या बदल्यात कुस्ती विकतो आणि बाहेरगावच्या मल्लाखाली मान टाकून गप्प पडून राहतो, असं ते प्रकरण. सर ते वाचायला लागले की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे प्राध्यापक शिकवायचं थांबवून खिडकीशी येऊन उभे राहायचे.

त्या गावाला विद्यार्थ्यांची सहल न्यायची, हे सरांचं स्वप्न. दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी नामंजूर व्हायचा. प्राचार्य म्हणायचे, "अहो, मुलांना पन्हाळा दाखवा, महाबळेश्वर दाखवा. त्या खेड्यात आहे काय?" सर म्हणायचे, "एकेचाळीस स्थळं आहेत. यादी जोडली आहे." दुष्काळ हटला त्याच्या पुढच्या वर्षी नवे प्राचार्य आले, आणि यादी न वाचताच त्यांनी सही केली.

त्या वर्षी मी वाङ्मय मंडळाचा चिटणीस होतो. निवडून येताना मी सहल महाबळेश्वरला नेण्याचं आणि मुलींना स्ट्रॉबेरी खायला घालण्याचं वचन देऊन बसलो होतो. आता काय करायचं? मी सरळ सांगितलं की हे गाव महाबळेश्वरच्या वाटेवरच आहे. भूगोलाचा एकही विद्यार्थी आमच्यात नव्हता हे नशीब.

सरांनी सहलीचा आराखडा उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवण्यांवर लिहून काढला होता. त्यातल्या काही ओळी मला अजून आठवतात. "९.४० – वेस (पान ३). ९.५० – वेशीपाशी पाच मिनिटे शांतता. ११.१० – पिंपळ (पाने १७ व ८८, दुसऱ्या उल्लेखात ढोली आहे, ती शोधणे). १.०० – भोजन (कादंबरीत उल्लेख नाही, तरीही)."

गावात आधी जाऊन सगळं ठरवून यायचं काम चिटणिसाचं. सरांनी मला कादंबरीची प्रत दिली, एसटीत बसवून दिलं आणि खिडकीतून सांगितलं, "फक्त विचारा. आपण होऊन काही सांगू नका."

हे वाक्य मी कराडपर्यंत लक्षात ठेवलं.

गावात माझं स्वागत जोरात झालं. सांगलीच्या कॉलेजातनं आपल्या लेखकासाठी पोरं येणार म्हणून सरपंच खूश. त्यांनी ग्रामपंचायतीचं कपाट उघडून दाखवलं. आत लाल फडक्यात बांधलेली कादंबरी. "दसऱ्याला पाटीपूजनात मांडतो आमी," सरपंच म्हणाले. पुठ्ठ्यावर वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा थर होता. मी उघडून बघितलं, तर आतली पानं एकमेकांना जोडलेली. छापखान्यातून आल्यापासून ती कुणी फाडलीच नव्हती. गाव या पुस्तकाची पूजा करत होतं आणि एकानंही ते वाचलं नव्हतं.

संध्याकाळी देवळाच्या पारावर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "वाचून दावा की पावणं, काय लिवलंय आमच्या गावाचं ते."

फक्त विचारा, असं सर म्हणाले होते. पण मला विचारतंय कोण आणि सांगतंय कोण हेच त्या वेळी कळेनासं झालं. इतके श्रोते मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाले होते. मी चौदावं प्रकरण उघडलं आणि सरांचा आवाज काढून, हातवारे करून, पार दणाणून सोडला. मधेच एका ठिकाणी सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, रंगले! मी आवाज आणखी चढवला. "बैलांच्या घुंगरांचा नाद त्याच्या कानात होता, आणि तो मान टाकून पडून राहिला," हे वाक्य म्हणून मी नाट्यपूर्ण थांबलो.

समोर बसलेला एक धिप्पाड म्हातारा उठला. त्याचे दोन्ही कान पैलवानांचे असतात तसे चुरगळलेले होते. त्यानं सावकाश चपला पायात घातल्या आणि कुणाकडंही न बघता निघून गेला.

सरपंच खाली मान घालून म्हणाले, "पावणं, ती कुस्ती आबांची हाय."

"कुठले आबा?"

"आत्ता गेले त्ये. तालमीचं वस्ताद. चाळीस वर्सं झाली त्या कुस्तीला. नाव बदललंय पुस्तकात, पर जत्रा तीच, जोड त्योच, सगळं त्येच."

"पण मी कुठं लिहिलंय हे?" मी म्हणालो.

"लिवलं कुणी बी आसंना. वाचलं तर तुमीच न्हवं?"

तेवढ्यात मागून कुणीतरी तरणा गडी मोठ्यानं म्हणाला, "आरं, मग बैलं कुटं हायती आबांची?" आणि पारावर हशा पिकला. तो हशा ऐकत मी शेवटच्या एसटीकडं पळालो.

सांगलीला आल्यावर सरांनी विचारलं, "कसं काय?"

"उत्तम," मी म्हणालो. "गावकरी भारावून गेले."

आठ दिवसांनी मंडळाच्या नावानं सरपंचांचं पत्र आलं. "त्या दिवसापासून आबा तालमीत येत नाहीत. पोरं त्यांच्या माघारी घुंगरांचा आवाज काढतात. सहल आणू नये ही विनंती." मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. गावाकडून काही आलं का, असं सर रोज विचारायचे, आणि नाही, असं मी रोज सांगायचो. एकदा त्यांनी "नक्की?" असंही विचारलं. तेव्हा मी पोस्टखात्याला दोष दिला.

सहलीच्या दिवशी एसटीत सर ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर आराखडा घेऊन, लग्नाला निघालेल्या मुलासारखे बसले होते. पेठ नाका गेला. कराड गेलं. गाडी डोंगराकडं वळली आणि माझा धीर सुटला. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. मग पारावरचं सगळं सांगितलं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, "ते कुठल्या वाक्याला उठले?"

मी सांगितलं. सरांनी कादंबरीतलं एकशे सहावं पान काढलं, त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"बावीस वर्षं हे प्रकरण मी शिकवतोय," ते म्हणाले. "पिंपळाची ढोली खरी असेल का, याचा विचार केला. हा माणूस खरा असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"सर, गाडी वळवू या का? महाबळेश्वरला... पोरांची पण इच्छा..."

"तुम्ही त्यांना बदनाम केलंत एकदा," सर म्हणाले. "मी वर्षातून एकदा करतोय. चला."

वेशीवर ना तोरण ना हलगी. सरपंच आणि आठ-दहा माणसं हाताची घडी घालून उभी. सरांनी आराखडा कोटाच्या खिशात घातला. वेशीपाशी पाच मिनिटं शांतता ठरली होती, ती न सांगताच पाळली गेली. मग सरांनी सरपंचांना नमस्कार करून विचारलं, "पैलवान कुठं भेटतील?"

आबा घरात बसून होते. सरपंचांनी "आवं आबा, सांगलीचं मास्तर आलंय" म्हणून हाक मारली तर आतूनच आवाज आला, "आनी कुनाला वाचून दावायचं ऱ्हायलंय?"

सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "वाचायला आलो नाही. विचारायला आलो. ती कुस्ती कशी झाली?"

मग आबा दारात आले. त्यांनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इतक्या वर्सांत इचारलं न्हाई कुनी," ते म्हणाले. "ज्यानं लिवलं त्यो तवा धा वर्साचा. झाडावर बसून बगत हुता. त्यानं बी खाली उतरून इचारलं न्हाई." आणि खुंटीवरचा पटका डोक्याला गुंडाळत म्हणाले, "सांगून न्हाई कळायचं. तालमीत चला."

तालमीत बायकांनी शिरायचं नाही, म्हणून मुली दाराबाहेर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आम्ही भिंतीला टेकलो. मागं अर्धं गाव. आबांनी तांबडी माती कपाळाला लावली आणि कुस्तीच्या हौद्यात उतरले. "कुनावर दावू?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तालमीच्या आढ्याकडं बघितलं. आढं चांगलं मजबूत होतं.

सरांनी कोट काढून माझ्या हातात दिला. चष्मा दिला. छत्री दिली. धोतराचा काचा घट्ट मारला, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि छप्पन्न वर्षांचा तो काटकुळा माणूस हौद्यात उतरून हातापायांवर ओणवा झाला.

"त्यो खाली आसा," आबा मागच्यांना सांगायला लागले. "न्हाई, चुकलं. मी खाली आसा हुतो. जोड वर. त्यानं गुडगा मानंवर आनला, ह्यो आसा..."

आबांचा गुडघा सरांच्या मानेवर टेकला आणि सर जमिनीला लागले. मातीत तोंड, दोन्ही हात पसरलेले. आबा काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष सरांकडं. ते हलत नव्हते. एकदम निश्चल, शांत, झोपल्यासारखे. दारातली एक मुलगी रडायला लागली. माझ्या मनात प्राचार्यांना करायच्या तारेचा मजकूर तयार झाला.

आबांनी गुडघा काढला. सर थोडा वेळ तसेच पडून राहिले, मग उठून बसले. मिशीला तांबडी माती. त्यांनी श्वास घेतला, परत घेतला.

"हलताच येत नाही," ते म्हणाले.

"न्हाई येत."

"ओरडावंसं वाटलं. आवाज फुटेना."

"मग बगनाऱ्याला काय वाटनार?" आबा म्हणाले. "गडी गप पडला! आवं, मी जीव घेऊन झटत हुतो. मानंच्या शिरा तुटायची येळ आली हुती. पर भायेरनं ते दिसतंय कुनाला? त्यो माज्यापरीस चांगला हुता त्या दिशी. येवडंच. हरलो. इकली न्हाई."

सरांनी बसल्या जागेवरून मला हाक मारली. "चिटणीस, लिहून घ्या. पान एकशे सहा. निरीक्षण बरोबर. कारण चूक."

मी लिहून घेतलं. आबांनी विचारलं, "मग ते पुस्तकातलं खोडता ईल का?"

दुसरा कुणी असता तर "बघतो, प्रकाशकाला लिहितो" असं काहीतरी म्हणाला असता. सर म्हणाले, "नाही. लिहिणारा माणूस गेला. त्याचं वाक्य मला खोडता येणार नाही. पण माझ्या वर्गात हे प्रकरण वाचलं की त्यानंतर तुमची कुस्ती सांगितल्याशिवाय तास संपणार नाही. माझा शब्द."

आबांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकून घेतल्यासारखी. मग ते गर्दीकडं वळले. "त्या दिशी बैलं कोन इचारत हुतं? या की गड्यांनो. मातीत या. दावतो बैलं."

कुणी जागचं हललं नाही. मागच्या मागं दोघं-तिघं सटकले.

"बरं, मग ते वाचनारं पावणं कुटं हाय?"

सगळ्या गावानं माझ्याकडं बोट दाखवलं. सरांनी शांतपणे आपला कोट, चष्मा आणि छत्री माझ्या हातून परत घेतली. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. मातीला तेलाचा आणि ताकाचा वास येत होता एवढं आठवतं. पंधरा दिवस मला मान डावीकडं वळवता येत नव्हती, आणि वर्गात माझ्या डावीकडं मुली बसायच्या.

एकेचाळीस स्थळांपैकी त्या दिवशी आम्ही दोनच बघितली, एक वेस आणि दुसरी तालीम. पिंपळ लांबूनच दिसला. दुपारी पिठलं-भाकरीच्या पंगतीत आबा सरांच्या शेजारी जेवायला बसले आणि मग सरपंचांच्या कपाळावरची आठी गेली. महाबळेश्वर कुठल्या कुठं राहिलं. परत येताना मुलींनी मला गाडीत पाठीमागं उभं केलं. ते योग्यच होतं.

माझं गाऱ्हाणं एवढंच, की एवढं होऊनही सरांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त पुढचा महिनाभर मंडळाचं टपाल आणायला ते स्वतः जात होते.

पुढच्या वर्षी चौदावं प्रकरण शिकवायचे दिवस आले. आदल्या आठवड्यात सरांनी आबांना पोस्टकार्ड टाकलं, "अमुक वारी सकाळी अकराला तुमचे प्रकरण वाचणार आहे. हरकत असल्यास कळवावे." उत्तर आलं नाही. त्या वारी अकराला वर्गाचं दार ढकलून आबा स्वतः आत आले. पटका, धोतर, हातात काठी. सरांनी "या पैलवान" म्हटलं. आबा शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. बाक कुरकुरला आणि मी भिंतीला चिकटलो.

मला वाटलं होतं, सर आज थोडं वगळतील. निदान आवाज खाली आणतील. त्यांनी एक शब्द गाळला नाही. बैल, घुंगरं, मान टाकणं, सगळं तसंच, तितक्याच चढत्या आवाजात. इतिहासाचे प्राध्यापक खिडकीशी आले. मी आबांकडं बघायचं टाळत होतो. त्यांचे दोन्ही हात काठीवर होते एवढंच दिसत होतं.

वाचन संपलं. सरांनी पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि ठरल्याप्रमाणं तालमीतली कुस्ती सांगितली, मानेवरच्या गुडघ्यासकट. मग चष्मा काढून विचारलं, "पैलवान, यात काही राहिलं?"

वर्गानं माना मागं वळवल्या.

"ही माजी कुस्ती न्हवं," आबा म्हणाले.

"नव्हे," सर म्हणाले.

"मी काय इकली न्हाई."

"नाही."

"पर ह्या गड्यानं..." आबांनी काठीनं टेबलावरच्या पुस्तकाकडं खूण केली. "ह्यानं इकली. बैलं घिऊन घरला गेला आसंल न्हवं ह्यो? मग बायकूला काय सांगितलं आसंल त्यानं, वो?"

घंटा झाली. शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर पडायला लागली. आमच्यातलं कुणी उठलं नाही.

"ते पुढच्या प्रकरणात आहे," सर म्हणाले.

"मग वाचा की," आबा म्हणाले, आणि काठी बाकाखाली ठेवून नीट सरसावून बसले.